आमच्या बागेला आयकर लावा

जुलै महिना आला की आमच्या ऑफिसात दोनच विषय असतात. एक पाऊस आणि दुसरा रिटर्न. टपरीवर चहा घेताना कुणीतरी आपला यंदाचा कापलेला आकडा सांगतो, बाकीचे हळहळतात, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं : "आपण इथे मरमर मरायचं आणि ते बागायतदार बघ, फॉर्च्युनर घेऊन फिरतात, टॅक्स शून्य!" वाक्य संपलं की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. कारण टीममध्ये तासगावचा मी एकटाच. जणू काही सगळ्या फॉर्च्युनर माझ्याच दारात उभ्या आहेत :-)

इतकी वर्षं मी शेतकऱ्यांचा वकील होतो. ऑक्टोबरची छाटणी झाली आणि फुलोऱ्यात पाऊस आला की काय होतं, दावण्या म्हणजे काय, घड कसे कुजतात, हे सगळं मी तावातावाने सांगायचो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने नाशिकपासून सांगलीपर्यंत बागांची काय दशा केली ते ऐकवायचो. समोरचा गप्प व्हायचा. पटलं म्हणून नव्हे, चहा संपला म्हणून.

यंदा मात्र माझी पंचाईत झाली. आण्णांनी दोन वर्षांपूर्वी दोन एकर बाग माझ्या नावावर केली. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, मला उगाचच भरून वगैरे आलं, आणि मी (शहाणा!) ठरवलं की आता हिशेबही नीट ठेवायचा. आडतीची पट्टी, शेडचं भाडं, औषधांची बिलं, सगळं एका एक्सेल शीटमध्ये. बेदाण्याला दर बरा लागला, खर्च वजा जाता तीन लाख राहिले. मी ते रिटर्नमध्ये शेतीच्या रकान्यात भरले. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं हे तर शेंबडं पोरही जाणतं. तर कराचा आकडा ६२,४०० रुपयांनी वाढला!

मला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. (आमचा धंदाच तो, पहिला संशय तिथेच.) सीएला फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही दाखवलंत ना शेतीचं, म्हणून. दाखवायलाच पाहिजे का?"

आण्णांना सांगितलं तर ते त्याहून शांत. "आरं, शेतीला टॅक्स नसतोय. तू दाखिवलास कशाला? ऱ्हाऊ दे हुतं माझ्याच नावावर."

या दोन वाक्यांवर आजचा लेख आहे. एक शिकलेला माणूस मला लपवायला सुचवतो आणि ज्याने जन्मात कधी कुणाचा पैसा बुडवला नाही तो माझा बाप मला नाव बदलायला सांगतो. ज्या कायद्यात प्रामाणिकपणा हा मूर्खपणा ठरतो तो कायदा चुकला आहे. माझं म्हणणं सरळ आहे : शेतीच्या उत्पन्नाची आयकरातली सरसकट माफी काढून टाका. उत्पन्न कुठून आलं ते बघू नका, किती आलं ते बघा. सगळ्यांना एकच टप्पे लावा. आमच्या बागेलाही.

थांबा, लगेच टाळ्या वाजवू नका. टपरीवरच्या मित्रांनाही पुढे ऐकून घ्यावं लागणार आहे.

६२,४०० कुठून आले?

आधी हा हिशेब. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत आणलेले टप्पे असे : ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १०, १२ ते १६ ला १५, १६ ते २० ला २०, २० ते २४ ला २५ आणि त्याच्या पुढे ३० टक्के. वर ४ टक्के सेस. शिवाय करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा कर रिबेट म्हणून माफ. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून आपण सगळे "पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य" असं म्हणतो.

आता शेती. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकार कर लावू शकत नाही, पण ते मोजू शकतं. १९७२ साली के. एन. राज यांच्या समितीने ही शक्कल सुचवली आणि १९७३ पासून ती आयकरात आली. तुमचं बाकीचं उत्पन्न मूळ माफीच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर असेल (पाच हजार! बागेच्या दोन-चार फवारण्यांत संपतात), तर आधी दोन्हींची बेरीज करून त्यावर कर काढायचा. मग शेतीचं उत्पन्न अधिक मूळ माफीची रक्कम, एवढ्यावरचा कर त्यातून वजा करायचा. म्हणजे शेतीच्या पैशावर कर नाही, पण शेतीचा पैसा तुमच्या पगाराला ढकलून वरच्या टप्प्यात नेतो.

माझं करपात्र पगारी उत्पन्न २० लाख धरा. त्यावर कर २ लाख. त्यात शेतीचे ३ लाख मिळवले की २३ लाख, कर २ लाख ७५ हजार. त्यातून ७ लाखांवरचा (४ अधिक ३) कर वजा, म्हणजे १५ हजार. राहिले २ लाख ६० हजार. वाढ साठ हजारांची, सेस धरून ६२,४००. करमुक्त समजल्या जाणाऱ्या तीन लाखांवर वीस टक्क्यांहून जास्त झाले की नाही?

ठीक आहे, तेही मान्य. मी पगारदार, दोन एकर हा माझा जोडधंदा, भरीन. पण समजा पुढच्या वर्षी पाऊस आला आणि याच बागेत तीन लाखांचा तोटा झाला. दोन वर्षांत मला शेतीतून मिळालं शून्य. तो तोटा मी पगारातून वजा करू शकतो का? नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतीचा तोटाही आयकराच्या लेखी नाही. पुढच्या आठ वर्षांत कधी नफा झालाच तर त्या नफ्यातून तो वजा होईल, पगारातून कधीच नाही. म्हणजे नफा झाला की बाग माझी आणि सरकारची, तोटा झाला की एकट्याची.

चार पंधरा लाखवाले

आता मला बाजूला ठेवा. वर्षाला पंधरा लाख करपात्र मिळवणारी चार माणसं घ्या.

पहिला पुण्यात नोकरी करतो, पंधराही लाख पगाराचे. त्याचा कर सेससकट १,०९,२००.

दुसऱ्याचा पगार १२ लाख आणि बागेचे ३ लाख, दोन्ही दाखवतो. वरच्या सूत्राने कर ९० हजार, त्यातून रिबेट ६० हजार, राहिले ३० हजार, सेससकट ३१,२००.

तिसरा दुसऱ्यासारखाच, पण बागेचे तीन लाख दाखवत नाही. शून्य.

चौथ्याचे पंधराही लाख शेतीचे. शून्य. आणि त्याचे पंधरा ऐवजी पंच्याहत्तर लाख असते तरी शून्य.

चौघंही एकाच किराणा दुकानात जातात, चौघांची पोरं एकाच शाळेत जातात, चौघांच्या गाड्या एकाच रस्त्यावर धावतात. यात न्याय कुठे आहे हे कुणी मला समजावून सांगितलं तर मी हा लेख मागे घेईन.

माफी नेमकी कुणाला?

इथे नेहमी जो मुद्दा येतो तो असा : "शेतकरी आत्महत्या करतोय आणि तुम्ही त्याच्यावर कर लावायला निघालात? लाज वाटत नाही?"

लाज वाटायलाच हवी, पण जरा आकडे बघू. केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ साली शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यात मजुरी आली, जनावरं आली, सगळं आलं. वर्षाचे सव्वा लाखही नाहीत. या कुटुंबाला उद्या तुमच्या-माझ्यासारखेच टप्पे लावले तर कर किती? शून्य. चार लाखांच्या आत मूळ माफीच आहे. आठ लाख मिळाले तरी शून्य, बारा लाखांपर्यंत रिबेट आहे.

मग या माफीने त्याला काय मिळतं? काहीही मिळत नाही. तो तसाही भरणार नव्हता. बारा लाखांच्या आतल्या निव्वळ शेतकऱ्यासाठी ही माफी असली काय नि नसली काय, सारखीच. माफीचा फायदा सुरू होतो बाराच्या वर, आणि जितकं वर जाल तितका वाढत जातो. कर्जापायी फास लावून घेणाऱ्या माणसाचा फोटो पुढे धरायचा आणि त्याच्या आडून कोटीवाल्याने निसटायचं, अशी ही व्यवस्था आहे. लाज वाटायची असेल तर याची वाटायला हवी.

आणि कोटीवालेही सगळे शेतकरी असते तर एक वेळ ठीक होतं. ही माफी माणसाला नाही, उत्पन्नाच्या जातीला आहे. त्यामुळे बियाण्यांच्या कंपन्याही शेतीचं उत्पन्न म्हणून सूट मागतात. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रांत व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' लिहिणारे किती आहेत ते तुम्हीच बघा. यातल्या किती जणांना खरड छाटणी कधी करतात हे ठाऊक असेल?

दुसऱ्या धंद्यातला पैसा पांढरा करायचा असेल तर याहून सोपी जागा नाही. चार एकर घ्यायचे, त्यात कागदावर द्राक्षं पिकवायची, कागदावरच विकायची. आमच्याकडे एकरी माल किती निघतो हे बांधावर बसलेला कुठलाही म्हातारा सांगेल, पण कागदावरच्या बागेला ना गळ होते ना भुरी पडते. कॅगने २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाच्या माफीची नमुना प्रकरणं तपासली. सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत अधिकाऱ्यांनी पुरेसे कागद न तपासताच माफी दिलेली आढळली. ती सगळी खोटी होती असं नाही, पण खरी की खोटी हे बघायची तसदीच कुणी घेतली नव्हती. कशाला घेईल? शेवटी कर शून्यच!

हे सरकारला माहीत नाही असंही नाही. पार्थसारथी शोम यांच्या अध्यक्षतेखालच्या कर प्रशासन सुधारणा आयोगाने २०१४ साली सुचवलं होतं की वर्षाला ५० लाखांच्या वर शेती उत्पन्न असणाऱ्यांना कर लावा. एप्रिल २०१७ मध्ये नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी शेतीलाही इतरांसारखी मर्यादा लावावी असं जाहीरपणे म्हटलं, तर लगेच अर्थमंत्री अरुण जेटली यांनी असा कुठलाही विचार नसल्याचा खुलासा केला. २०२५ साली नवाकोरा आयकर कायदा संसदेत मंजूर झाला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. भाषा सोपी केली, कलमं कमी केली, 'कर वर्ष' हा नवा शब्द आणला. शेतीची माफी मात्र जिथल्या तिथे.

आता टपरीवरच्या मित्रांसाठी

तुम्ही म्हणता शेतकरी कर भरत नाही. साफ खोटं. आयकर भरत नाही असं म्हणा. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि द्राक्षबाग म्हणजे औषधांचा धंदा. शिवाय खतं, मांडवाचे अँगल, तारा, पंपाचं डिझेल, सगळ्यांत कर आहेच. कारखानदार विकत घेतलेल्या मालावरचा जीएसटी पुढे वजा करून घेतो. शेतकऱ्याच्या मालावर जीएसटीच नाही, म्हणून त्याला भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो त्याच्या खर्चात मुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे चांगलंच झालं, पण औषधं अठरावरच राहिली.

आणि तोटा झाला की हा कर माफ होत नाही, हे लक्षात घ्या. तुमचा पगार थांबला तर आयकर थांबतो. बाग गेली तरी औषधावरचा कर गेलेलाच असतो. पैसे मिळोत न मिळोत, भरावाच लागणारा कर हा सगळ्यांत वाईट कर.

हा मुद्दा माझा नाही. शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी शेतसाऱ्यावर नेमकं हेच बोट ठेवलं होतं : आयकर उत्पन्न झालं तरच द्यावा लागतो, पण शेतसारा मात्र उत्पन्न कितीही असो, पीक येवो न येवो, प्रत्येक शेतकऱ्याकडून वसूल होतो. त्यांची मागणी कुवतीप्रमाणे कराची होती. ते तत्त्व घेतलं की ते दोन्हीकडून लागू होतं. कुवत नसेल तर कर नको, मग तो शेतसारा असो की औषधावरचा जीएसटी. आणि कुवत असेल तर कर हवा, मग ती कुवत कोडमधून आलेली असो की द्राक्षातून.

शेतीची माफी काही आभाळातून पडलेली नाही. १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात पहिला आयकर आणला तेव्हा शेतीचं उत्पन्नही त्यात होतं. १८८६ च्या कायद्याने ते वगळलं. जमिनीवर सारा भरतोच आहे, मग पुन्हा आयकर कशाला, हा युक्तिवाद होता, आणि तेव्हा तो खराही होता. सारा म्हणजे सरकारचं मोठं उत्पन्न होतं. आज आमच्या दोन एकरांचा सारा मी चहाच्या बिलात भरू शकतो. माफीचं कारण गेलं, माफी राहिली.

शेती कुठे संपते?

उत्पन्नाची जात बघायची म्हटलं की आणखी एक गंमत होते. द्राक्ष विकलं तर शेती, हे सरळ आहे. पण आम्ही बेदाणा करतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर वाळवायचे, मळणी करायची, प्रतवारी करायची, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, मग तासगावच्या सौद्यात काढायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. आता ही शेती की प्रक्रिया उद्योग? आयकर कायदा म्हणतो, माल बाजारात नेण्याजोगा करायला शेतकरी नेहमी जी प्रक्रिया करतो तेवढी शेती. पण द्राक्ष तर ओलंही विकलं जातं! यावर वकील तासभर बोलू शकतो, आणि त्या तासाचे पैसे शेतकरीच देणार.

जीएसटीतही हाच घोळ होता. शेवटी २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५ व्या बैठकीत खुलासा करावा लागला की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. देशाचे अर्थमंत्री आणि सगळ्या राज्यांचे मंत्री बसून आमचा बेदाणा शेतीत मोडतो की नाही ते ठरवत होते! चहाचं तर त्याहून पुढचं : स्वतःच्या मळ्यातला चहा कारखान्यात तयार करून विकला तर नफ्याचे ६० टक्के शेती आणि ४० टक्के धंदा. रक्कम बघितली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

हरकती

"शेतकऱ्याला हिशेब जमणार नाही." ही सगळ्यांत अपमानकारक हरकत. युरोपला द्राक्ष पाठवणाऱ्या बागायतदाराच्या प्लॉटची अपेडाच्या ग्रेपनेटवर नोंद असते, फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, सगळं लिहून ठेवावं लागतं. ज्याला हे जमतं त्याला जमाखर्च जमत नाही? आणि नसेलच जमत तर छोट्या व्यापाऱ्याला आणि डॉक्टर-वकिलाला अंदाजे नफ्यावर कर भरायची सोय आहेच. लहान व्यापाऱ्याने उलाढालीच्या आठ टक्के (पैसे बँकेतून आले तर सहा टक्के) नफा धरायचा, व्यावसायिकाने जमेच्या पन्नास टक्के. तसाच पिकागणिक एक टक्का शेतीला ठरवा. आणि बारा लाखांच्या आतल्या निव्वळ शेतकऱ्याला रिटर्न भरायचीही सक्ती करू नका, म्हणजे तलाठी झाला, आता हा नवा साहेब कोण, ही भीती नको.

"शेती निसर्गावर असते, एक वर्ष मिळतं, तीन वर्षं जातं." अगदी खरं. म्हणून सरासरी धरा. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांना पाच वर्षांपर्यंतच्या उत्पन्नाची सरासरी धरून कराचा दर ठरवायची सोय आहे, इंग्लंडमध्येही दोन किंवा पाच वर्षांची सरासरी चालते. तोटा पगारातून किंवा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू द्या. आजची माफी हे काहीच देत नाही. उलट शेतीचा तोटा मोजायलाच नकार देते.

"मग सगळे श्रीमंत फार्महाउस घेऊन खोटा तोटा दाखवतील." दाखवतील. ही हरकत खरी आहे. त्यासाठी तोट्याला वरची मर्यादा घाला, आणि वर्षानुवर्षं तोटाच दाखवणाऱ्याला विचारा की बाबा, मग शेती करतोस कशाला? आज लोक शेतीचा खोटा नफा दाखवतात, तो पकडण्यापेक्षा हे कठीण नाही.

"राज्यघटनेत बसत नाही." ही खरी अडचण. सातव्या अनुसूचीत शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या यादीत आहे, नोंद ४६. केंद्राच्या यादीतली नोंद ८२ शेतीखेरीजच्या उत्पन्नापुरती. ही वाटणी १९३५ च्या कायद्यापासून चालत आली. महाराष्ट्राने १९६२ साली शेती उत्पन्न कराचा कायदा केलाही होता, आज तो आपल्याला ऐकूनही माहीत नाही. मतं बांधावर असतात, त्यामुळे एकटं राज्य हे करणार नाही. पण जीएसटीसाठी २०१६ साली १०१ वी घटनादुरुस्ती झालीच ना? केंद्राने आणि राज्यांनी आपापले कर एकत्र केलेच ना? तसंच इथे करा, आणि शेतीतून येणारा पैसा राज्यांना द्या. तासगावच्या बागायतदाराचा कर तासगाव-कवठेमहांकाळच्या पाण्याला आणि रस्त्याला लागणार असेल तर तो शिव्या देत का होईना, भरेल.

माझा स्वार्थ

शेवटी माझा हिशेब, कारण तो लपवून हा लेख लिहिणं बरोबर नाही. सगळं एकत्र धरलं तर चांगल्या वर्षी माझी वाढ ६२,४०० ऐवजी ७८,००० होईल. वाईट वर्षी तीन लाखांचा तोटा पगारातून वजा झाला तर तितकाच, ६२,४०० कर वाचेल. म्हणजे दोन्ही वर्षं मिळून मी फायद्यात आहे, हे कबूल. पण वरच्या चौघांतल्या दुसऱ्याचा, १२ अधिक ३ वाल्याचा, कर ३१,२०० वरून १,०९,२०० होईल, आणि त्याला हा लेख मुळीच आवडणार नाही. त्याला मी एवढंच म्हणेन की तुझ्या शेजारचा पहिला आजही तेवढाच भरतोय.

राहता राहिले आण्णा. त्यांना हे सगळं परवा फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हंजी तोटा झाला तर सरकार मोजणार?"

म्हटलं, "हो. तोटाबी मोजणार."

"मग मोजू द्यात की नफा. न्हाय कोण म्हंतंय?"

ज्या सरकारने आजवर त्यांचा तोटा कधी मोजला नाही त्याला नफा का दाखवायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. माझ्या तीन हजार शब्दांपेक्षा तो सरळ आहे.

असो. रिटर्न भरलं. शेतीचे तीन लाख दाखवले, ६२,४०० भरले. सोमवारी टपरीवर तुम्ही पुन्हा तेच वाक्य म्हणणार हे माहीत आहे. यंदा माझ्याकडे उत्तर आहे : बागायतदाराला कर लावा, मी तुमच्या बाजूने सही करतो. पण खालच्या ओळीत त्याचा तोटाही मोजा असं लिहिलंय, तिथेही तुमची सही हवी.